मैदान, वर्ग आणि नियमपुस्तक : टेक्सासमधील शालेय फुटबॉल हंगामाचा एक अभ्यास

फुटबॉल हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ उभा राहतो, तो या लेखाचा विषय नव्हे. त्या खेळाला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. तेथील फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून धावण्याचा, फेकण्याचा आणि धावणाऱ्याला अंगाने अडवून खाली पाडण्याचा खेळ. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवल्याशिवाय त्यात कोणी उतरत नाही. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान आणि बारा-बारा मिनिटांचे चार भाग, अशी त्याची मांडणी असते. चेंडू ज्यांच्या हाती आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून घातल्यास एक, धावून वा फेकून पुन्हा रेषा ओलांडल्यास दोन. आणि एरवी दुरून लाथेने खांबांमधून घातल्यास तीन. खेळाची इतकी ओळख आपल्या कामापुरती पुरेशी आहे. आपल्याला पाहायचे आहे ते या खेळाभोवती शाळांनी उभारलेले नियमांचे कुंपण.

त्यासाठी टेक्सास हे राज्य निवडण्याचे कारण असे की, शालेय फुटबॉलचे वेड आणि त्या वेडाला शाळेच्या चौकटीत ठेवण्याची धडपड या दोन्ही गोष्टी तेथे ठळकपणे दिसतात. शुक्रवारची संध्याकाळ झाली की लहान लहान गावे आपापल्या शाळेच्या मैदानावर लोटतात. या स्पर्धा चालवणारी संस्था म्हणजे ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग’. तिचे बीज १९१० साली टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिन येथे सुरू केलेल्या शालेय वादविवाद-स्पर्धांत आहे, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. आजही हीच संस्था वक्तृत्व, गणित, संगीत, नाट्य आणि फुटबॉल या सर्वांच्या स्पर्धा घेते. फुटबॉलची राज्य अजिंक्यपद स्पर्धा १९२० पासून चालू आहे.

पहिला प्रश्न असा की, कोणी कोणाशी खेळावे? अडीच हजार विद्यार्थ्यांच्या शहरी शाळेने शंभर विद्यार्थ्यांच्या खेड्यातील शाळेला हरवण्यात पुरुषार्थ नाही. म्हणून दर दोन वर्षांनी, ऑक्टोबरअखेरीच्या ठरावीक दिवसाची पटसंख्या धरून शाळांचे सहा वर्ग पाडले जातात आणि फेब्रुवारीच्या आरंभी नवी विभागणी जाहीर होते. शाळेला वाटल्यास वरच्या वर्गात खेळता येते, खालच्या वर्गात उतरता मात्र येत नाही. या सहा वर्गांचे पुन्हा दोन-दोन भाग होतात आणि हंगामाच्या शेवटी अकरा नव्हे, तर बारा विजेते उरतात.

सर्वांत खालच्या वर्गाची गोष्ट मला फार आवडते. पटावर जेमतेम शंभर विद्यार्थी असलेल्या शाळेने अकरा धडधाकट मुले आणि त्यांचे बदली खेळाडू आणावेत कोठून? यावर १९३४ साली नेब्रास्का राज्यातील स्टीफन एप्लर या शिक्षकाने उत्तर शोधले. ते म्हणजे सहा जणांचा फुटबॉल. टेक्सासने तो १९३८ मध्ये स्वीकारला. त्याचे मैदान ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस यार्ड रुंद. चार प्रयत्नांत दहाऐवजी पंधरा यार्ड जावे लागते आणि सहाही खेळाडूंना फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार असतो. धावसंख्येत मात्र गंमत आहे. नंतरच्या लाथेला दोन गुण आणि धावण्याला एक, म्हणजे मोठ्या खेळाच्या नेमके उलट. कारण माणसे कमी असल्याने लाथ मारणाऱ्याला संरक्षण देणे अधिक अवघड असते. दुसऱ्या अर्धात कोणत्याही क्षणी एक संघ पंचेचाळीस गुणांनी पुढे गेला की सामना तेथेच थांबतो. हरणाऱ्या मुलांची अकारण नाचक्की होऊ नये, एवढी काळजी नियमकर्त्यांनी घेतली आहे.

हंगामाचा क्रम असा. ऑगस्टच्या आरंभी सराव सुरू होतो, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सामने, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत प्रत्येक शाळेचे दहा सामने पुरे होतात. आरंभीचे काही सामने शाळा परस्पर ठरवतात. त्यांचा क्रमवारीशी संबंध नसतो. खरे महत्त्व आपल्या जिल्ह्यातील शाळांशी होणाऱ्या साखळी सामन्यांना. येथे ‘जिल्हा’ म्हणजे शासकीय जिल्हा नव्हे, तर स्पर्धेसाठी एकत्र बांधलेला शाळांचा गट. अकरा खेळाडूंच्या स्पर्धेत प्रत्येक गटातील पहिले चार संघ बाद फेरीत जातात. बाद फेरीच्या सहा पायऱ्या आहेत. त्यामुळे डिसेंबरमध्ये अजिंक्य ठरणारा संघ तोवर सोळा सामने खेळलेला असतो. परीक्षा, थंडी आणि नाताळची चाहूल, हे सारे त्या मुलांच्या वाट्याला एकदमच येते.

प्रत्येक गटाचा कारभार त्या गटातील शाळांच्या प्रतिनिधींची समिती पाहते. पात्रतेचे वाद, शिक्षा, बरोबरी सोडवण्याची पद्धत, सारे तिच्याकडे. म्हणजे ज्यांचे संघ परस्परांविरुद्ध खेळतात, तेच न्यायाधीशही असतात. या व्यवस्थेत पक्षपाताचा धोका आहे, हे उघड आहे. त्यावर राज्य समितीकडे दाद मागण्याची सोय आहे. आणि दुसरा, माझ्या मते अधिक मोलाचा उपाय असा की, बरोबरी कशी सोडवायची ते हंगामापूर्वीच लिहून ठेवावे लागते. निकाल हाती आल्यावर नियम करणे म्हणजे नियम करणे नव्हेच.

१९८८ च्या नोव्हेंबरात ओडेसा शहरातील पर्मियन शाळा आणि शेजारच्या मिडलंडमधील दोन शाळा यांची तिहेरी बरोबरी झाली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दोनच संघ पुढे जाऊ शकत होते. आधीच ठरल्याप्रमाणे मध्यरात्रीनंतर महामार्गावरील ट्रकचालकांच्या एका थांब्यावर तीन प्रशिक्षकांनी नाणी उडवली. ज्याचे नाणे इतर दोघांहून वेगळे पडेल तो बाद! मिडलंड हायस्कूल बाद झाले. एच. जी. बिसिंजर यांच्या ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या पुस्तकामुळे हा प्रसंग जगभर ठाऊक झाला. तीन महिने घाम गाळलेल्या मुलांचे भवितव्य नाण्यावर सोपवणे क्रूर वाटते, हे खरे. परंतु त्या रात्री कोणीही ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे म्हणू शकत नव्हते, कारण पद्धत सर्वांनी मान्य केलेली होती.

आता पात्रतेकडे वळू. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस वयाची एकोणीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत. नववीत प्रवेश घेतल्यापासून सलग चार वर्षेच खेळता येते. एका इयत्तेत मागे राहून वर्षे वाढवता येत नाहीत. विद्यार्थ्याने पालकांसह शाळेच्या हद्दीत राहावे आणि केवळ खेळासाठी शाळा बदलू नये. बदललीच, तर पूर्वीच्या शाळेने एका ठरावीक अर्जावर त्यामागे खेळाचे कारण आहे की नाही, हे लिहून द्यावे लागते. एखादा अपात्र खेळाडू मैदानात उतरवला तर जिंकलेला सामनाही हरल्याचे धरले जाते. आपल्याकडील शालेय स्पर्धांत वयाच्या खोट्या दाखल्यांची तक्रार नवी नाही. तेव्हा एका मुलाच्या दाखल्याची शिक्षा सगळ्या संघाला का, हा प्रश्न आपल्याही वाचकांना पडेल. याचे उत्तर असे की, शिक्षा एकट्या मुलाला झाली असती, तर त्याला उतरवणाऱ्या मोठ्या माणसांचे काहीच बिघडले नसते.

सर्वांत गाजलेला नियम गुणांचा. १९८४ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने शिक्षणसुधारणेचा मोठा कायदा केला. त्याची आखणी उद्योगपती रॉस पेरो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती. त्यातील एका कलमाने ठरवले की, कोणत्याही एका विषयात शंभरपैकी सत्तरांहून कमी गुण मिळालेला विद्यार्थी सहा आठवडे शाळेच्या कोणत्याही स्पर्धेत उतरणार नाही. लोकांनी त्याला ‘पास नाही तर खेळ नाही’ असे नाव दिले. राज्यभर गदारोळ उठला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९८५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अभ्यासेतर उपक्रमात भाग घेणे हा मूलभूत हक्क नव्हे. कायदा वैध आहे. हा कायदा आणणारे गव्हर्नर मार्क व्हाइट पुढील वर्षीची निवडणूक हरले. त्यांच्या पराभवाचे एक कारण म्हणून या कलमाकडे बोट दाखवले जाते. १९९५ मध्ये सहा आठवड्यांचे तीन करण्यात आले. आता अशा मुलाला सराव करता येतो, सामना मात्र खेळता येत नाही, आणि तीन आठवड्यांनंतर सर्व विषयांत उत्तीर्ण असल्यास तो परत येतो.

या नियमाचा खरा कस १९८८ मध्येच लागला. डॅलसच्या डेव्हिड कार्टर हायस्कूलमधील एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद पेटला. गुणांचा हिशोब एका पद्धतीने केला तर तो अनुत्तीर्ण ठरे, दुसऱ्या पद्धतीने केला तर उत्तीर्ण. शाळेतील शिक्षक आणि मुख्याध्यापक यांचेच मत भिन्न पडले. मग शिक्षण खाते, स्पर्धा समित्या आणि न्यायालये यांच्यात हे प्रकरण हेलपाटे घालत राहिले. न्यायालयाच्या आदेशांच्या आधाराने संघ खेळत राहिला, उपांत्य सामन्यात त्याने पर्मियनला १४-९ असे हरवले आणि राज्याचे अजिंक्यपदही मिळवले. पुढे ते पद काढून घेऊन उपविजेत्या जडसन हायस्कूलला देण्यात आले. ज्या मुलांनी गणिताच्या त्या वहीला कधी हातही लावला नव्हता, त्यांचे पदकही गेले. कायदा करणाऱ्यांनी सत्तर हा आकडा छापला. पण तो आकडा कसा मोजायचा हे प्रत्येक वर्गात वेगळे असू शकते, याचा विचार फारसा झाला नव्हता.

तरीही या कलमाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यामुळे प्रशिक्षकाला प्रथमच गुणपत्रकात रस घ्यावा लागला. तोवर जो मुलगा शुक्रवारी जिंकून देई, त्याला सोमवारी वाचता येते की नाही याची चौकशी करण्याचे कोणाला कारण नव्हते.

इजांसंबंधीचे नियम अलीकडचे आहेत आणि पालकांनी ते लक्षपूर्वक वाचावेत. ऑगस्टमधील टेक्सासचा उन्हाळा जीवघेणा असतो. म्हणून सरावाच्या पहिल्या दिवसांत पूर्ण कवच घालू दिले जात नाही. शरीर उन्हाला सरावले की मगच हळूहळू चढवतात. हंगामात आठवड्याला नव्वद मिनिटांहून अधिक पूर्ण अंगझटीचा सराव घेता येत नाही. डोक्याच्या माराविषयी तर अमेरिकाभर कायदे झाले. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार बसल्यावरही त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि कायमचा जायबंदी झाला; २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला. टेक्सासचा कायदा २०११ चा. मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला तत्काळ बाहेर काढावे लागते आणि त्या दिवशी त्याला परत खेळता येत नाही. पुढे परतण्यासाठी डॉक्टरचे लेखी मत आणि पालकांची लेखी संमती लागते. आणि हे महत्त्वाचे की, परतण्याची परवानगी देण्याचा अधिकार प्रशिक्षकाला नाही. ज्याला सामना जिंकायचा आहे, त्याच्या हाती हा निर्णय ठेवलेलाच नाही.

इतक्या बारकाईने न्याय मोजणाऱ्या या नियमपुस्तकात कित्येक वर्षे एक शब्द होता, ज्याने बाकी सारे पोकळ ठरवले होते. तो शब्द म्हणजे ‘गोऱ्या’. सदस्यत्व गोऱ्या मुलांच्या सार्वजनिक शाळांनाच खुले होते. कृष्णवर्णीय शाळांनी १९२० मध्ये आपला निराळा संघ उभारला. तो प्रेअरी व्ह्यू येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाच्या आश्रयाने चालत असल्यामुळे पुढे त्याच नावाने ओळखला गेला. शहरातील मैदाने शुक्रवारी गोऱ्या शाळांसाठी राखलेली असत. म्हणून कृष्णवर्णीय शाळांचे सामने बुधवारी आणि गुरुवारी रात्री होत. पोशाख व साहित्य पुष्कळदा गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेले. आपल्याकडे पुण्याच्या क्लबात पळवणकर बाळूंना गोलंदाजीसाठी बोलावत आणि चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या रचनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या गुरुवारच्या दिव्यांखालून बाहेर पडलेल्या खेळाडूंची नावे मोठी आहेत. टेंपलच्या डनबार हायस्कूलचा जो ग्रीन, बोमाँटचा बबा स्मिथ, ऑस्टिनच्या अँडरसन हायस्कूलचा डिक लेन ही त्यांपैकी काही. लेनने १९५२ च्या व्यावसायिक हंगामात प्रतिपक्षाने फेकलेले चौदा चेंडू मध्येच झेलले. हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही.

१९६७-६८ च्या हंगामात मुख्य संघाची दारे उघडली आणि १९७० मध्ये प्रेअरी व्ह्यूचा संघ विसर्जित झाला. नियमातील अन्याय गेला, पण एकत्रीकरणाचा भार पुन्हा एकाच बाजूने वाहिला. गावोगावच्या कृष्णवर्णीय शाळा बंद झाल्या किंवा खालच्या इयत्तांपुरत्या उरल्या. तेथील मुख्य प्रशिक्षक गोऱ्या शाळांत साहाय्यक म्हणून रुजू झाले. कपाटांतील चषक आणि संघांची छायाचित्रे अनेक ठिकाणी हरवली किंवा फेकली गेली. डिक लेनची अँडरसन हायस्कूल १९७१ मध्ये बंद करण्यात आली. दोन वर्षांनी ऑस्टिनच्या वायव्य भागात, मुख्यतः गोऱ्यांच्या वस्तीत नवी शाळा उघडली, तेव्हा तिला अँडरसन हेच नाव देण्यात आले.