गोदामातल्या रक्ताची जबाबदारी कुणाची?

‘इथं कुठं सुया टोचतात? हे काय हॉस्पिटल आहे?’ गोदाम चालवणाऱ्यांचं हे उत्तर ऐकून कान किटले आहेत आणि त्याचा संताप अजून उतरलेला नाही. भिवंडीच्या पट्ट्यात ऑनलाइन खरेदीचा परत आलेला माल हातांनीच उघडून तपासतात. त्यात ग्लुकोमीटरच्या खोक्यात बोट टोचायची वापरलेली लॅन्सेट निघू शकते, इन्सुलिन पेनला लावलेली सुई निघू शकते. खोकी फोडायचा कटर पाळीभर या हातातून त्या हातात फिरतो. एकाचं बोट कापलं की पातं फडक्याला पुसायचं आणि काम पुढं. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो, म्हणजे सोमवारचा डाग शनिवारच्या पाळीलाही बाधू शकतो.

‘पण शक्यता किती?’ हा प्रश्न रास्त आहे. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लागण हजारात तिघांना होते. हिपॅटायटिस बीचं तसं नाही. लस न घेतलेल्यांत ते प्रमाण शंभरात ६ ते ३० इतकं जातं. हे आकडे हॉस्पिटलातल्या सुयांचे आहेत, गोदामात धोका त्याहून कमी, हे मान्य. पण नर्सला लस मिळालेली असते, हमालाला नाही. बाळांना ही लस देशभर मिळू लागली २०११-१२च्या सुमारास. आज पंचविशीत पोती उचलणारी बहुतेक मुलं त्याआधीची. हिपॅटायटिस सीवर तर लसच नाही. तेव्हा ज्या आजारावर लस आहे, तिथं ती तरी चुकवू नये.

‘पोरं दोन महिन्यांत सोडून जातात, तीन डोस कुणाला द्यायचे?’ ठेकेदाराचा हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त झोंबतो. डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, मध्ये खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पहिला डोस टोचा, कार्ड हातात द्या, उरलेले तो दुसरीकडे घेईल. ‘हातमोजे दिलेत’ हेही उत्तर नव्हे, सुती मोज्यातून सुई आरपार जाते आणि रक्त त्यातच मुरतं.

कामगारांना सांगणं एवढंच. टोचलं तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका, हळद-चुना दाबू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, आणि त्या २८ दिवस चालतात. हिपॅटायटिस बीची लसही शक्यतो २४ तासांत घ्यावी. निघण्याआधी रजिस्टरमध्ये वेळ लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा, नाहीतर ‘बाहेर लागलं असेल’ हे वाक्य तयारच असतं. स्वच्छता ठेवा, काळजी घ्या, हे तर सगळेच सांगतात. सापडलेली सुई मात्र कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. ती पिशवी रात्री झाडूवाली मावशी हाताने दाबून बांधते, आणि लशीची यादी निघालीच तर तिचं नाव त्यात नसतं, कारण ती दुसऱ्याच ठेकेदाराची.