तुकड्यांतून हत्यारांची गुंडाळी

प्रश्न : चपलांच्या कामातून उरलेले चामड्याचे तुकडे मजजवळ आहेत. आरी, रापी, सुया प्रवासात नेण्यासाठी गुंडाळी करावयाची, तर अखंड कातडेच हवे ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अखंड कातड्याची मुळीच जरुरी नाही, बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले, सुमारे २ मिलिमीटर जाडीचे आपले तुकडे, कडा रापीने तासून, एकमेकांवर १ सेंटिमीटर चढवून मेणदोऱ्याने दुहेरी शिवले, आणि प्रत्येक जोड दोन खणांच्या मधोमध आणला, तर गुंडाळी बेलाशक टिकेल. पातळ तुकडे बंदांना पुरतील. आरीच्या टोकाखाली मात्र जाड चामड्याचा दुहेरी थर अवश्य द्यावा, कारण शिवण भेदून आलेले टोक थेट हाताला लागते. रापीला स्वतंत्र म्यान करावे. चामडे ओल शोषते, म्हणून पावसाळ्यात हत्यारे तेलाचा हात फिरवून गुंडाळीबाहेरच ठेवावीत.