उंची वाढण्याची वर्षं

चि. ओंकार,

वसतिगृहात पोटभर जेवूनही उंची का वाढत नाही, असं तू आईला विचारलंस. नेमका हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी लंडनजवळच्या मुलांच्या एका वसतिगृहात तपासला गेला होता. डॉ. कॉरी मॅन यांचा त्यावरचा अहवाल १९२६ साली प्रसिद्ध झाला.

ती मुलं तुझ्याहून लहान होती. जेवण पोटभर होतं, उष्मांकांतही कमी नव्हतं. एका गटाला तेच जेवण चालू ठेवलं. दुसऱ्याला त्यावर रोज अर्ध्या लिटरहून थोडं जास्त दूध दिलं आणि आणखी एका गटाला साधारण तेवढ्याच उष्मांकांची साखर. वर्षभरात नुसत्या जेवणावरची मुलं सरासरी ४.७ सेंटीमीटर वाढली, साखरेची ४.९ आणि दुधाची ६.७! साखरेनं उष्मांक वाढवले, पण हाडं आणि स्नायू घडायला लागतात ती प्रथिनं आणि कॅल्शियम तिच्यात नव्हतं.

तुमच्या मेसचं ताट आईनं सांगितलं. भात, पोळ्या, बटाट्याचा रस्सा आणि डाळ शोधावी लागेल अशी आमटी. संध्याकाळी बिस्किटांचा पुडा. हे ताट त्या साखरेच्या गटाच्याच जवळचं आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तर तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या घरात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, मूठभर शेंगदाण्यांतूनही जवळपास तेवढीच. यातलं काहीच महाग किंवा दुर्मीळ नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

उंचीचा मोठा वाटा आईवडिलांकडूनच येतो, हे खरं. पण तिथवर पोहोचायचं की अलीकडेच थांबायचं, यात आहाराचा हात असतो. मुलगे साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्यानं वाढतात, वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत. पुढे हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा बंद होते, आणि मग कुठलंही खाणं किंवा जाहिरातीतली पावडर उंची वाढवू शकत नाही.

मुलींमध्ये ही लाट दोनेक वर्षं आधी येते, म्हणून हे पत्र धाकट्या बहिणीलाही वाचून दाखव. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. तिला पालेभाजी, डाळींवर लिंबू पिळून खायला सांग, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद कर म्हणावं. चहामुळे अन्नातलं लोह अंगात कमी शोषलं जातं.

बिस्किटांचे पैसे या महिन्यापासून शेंगदाणे आणि उकडलेल्या अंड्यांना लाव. आमटी घट्ट करा आणि आठवड्यातून दोनदा तरी नाचणीची भाकरी द्या, असा अर्ज सगळ्या मुलांनी मिळून रेक्टरांना द्या.

तुझी,
आत्या