सॉकेटचे स्थलांतर

दोन संगणकांनी परस्परांशी संभाषण करावे म्हणून आम्ही 'सी' भाषेत एक छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रयोगशाळेतील लिनक्सवर तो उत्तम चालला. पुढे तो घरच्या विंडोजवर नेला, योग्य वाटले ते फेरफार केले, आणि कंपायलरने तो निमूटपणे स्वीकारला. चालविताच मात्र जोडणी फसली. आणि कारण विचारता पडद्यावर उत्तर उमटले, "नो एरर"! काम तर बिघडले, पण दोष म्हणे काहीच नाही. हे कोडे कसे उलगडले ते येथे सांगावयाचे आहे.

जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाशी बोलण्यासाठी प्रोग्राम जे दार उघडतो त्यास सॉकेट म्हणतात. ही योजना १९८३ साली बर्कले येथील युनिक्सबरोबर प्रसृत झाली. युनिक्सच्या मते सॉकेट हीदेखील एक प्रकारची फाइलच होय. ती उघडली की एक लहानसा पूर्णांक हाती येतो, 'रीड', 'राइट', 'क्लोज' ही नित्याची फंक्शने तिच्यावर चालतात, आणि उघडली नाही तर उणे एक मिळतो. लिनक्सनेही हाच प्रघात ठेविला. १९९२ साली विंडोजसाठी 'विनसॉक' आले. त्यात 'सॉकेट', 'कनेक्ट' ही नावे तीच राहिली. परंतु सॉकेट तेथे फाइल नव्हे. ती मिटण्यास 'क्लोजसॉकेट' लागते, आणि सर्वांआधी 'डब्ल्यूएसएस्टार्टअप' हे फंक्शन बोलवावे लागते.

नेमके हेच आम्ही विसरलो होतो. साहजिकच सॉकेट उघडलीच नाही. मग आमची तपासणी काय करीत होती? मिळालेली संख्या शून्याहून लहान आहे काय, एवढेच ती विचारीत होती. विंडोजच्या रीतीस अनुसरून आम्ही त्या संख्येचा प्रकार बदलला होता, आणि त्या नव्या प्रकारात ऋण संख्याच नाहीत! तेथे अपयश येते ते सर्वांत मोठ्या संख्येच्या रूपाने. पहारेकरी दारात उभा होता खरा, पण ज्याचे उत्तर 'होय' येणेच अशक्य, असा प्रश्न तो विचारीत होता. पुढे 'कनेक्ट' फसल्यावर कारण आम्ही 'एर्नो'त शोधले. विंडोज सॉकेटचे दोष तेथे नोंदवीतच नाही. 'डब्ल्यूएसएगेटलास्टएरर'ला विचारताच १००९३ हा अंक मिळाला. त्याचा अर्थ, प्रारंभच केलेला नाही.

आता आम्ही शून्याशी तुलना न करता 'इनव्हॅलिड सॉकेट' या नावाशी करतो. लिनक्सवर त्याच नावास उणे एक ही किंमत दिली आहे. दोन्हींकडील असे भेद एका लहानशा फाइलीत ठेवल्याने मूळ प्रोग्रामास हात लावावा लागत नाही.

परतीच्या वाटेवरही एक खाच आहेच. पलीकडच्याने जोडणी तोडल्यावर लिहू गेल्यास विंडोजवर केवळ दोष कळविला जातो. लिनक्सवर मात्र 'सिगपाइप' हा संकेत येतो आणि त्याची तजवीज केलेली नसेल तर सारा प्रोग्रामच बंद पडतो.