तळटीपेतलं पान नेमकं कुठे लिहायचं?

प्रश्न : मी इतिहासाचा प्रबंध मराठीतून लिहिते आहे. संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर आणि शिकागो शैली वापरते. एका लेखाचा हवाला दिला, की तळटीपेत त्याची सगळी पानं (१०१–१३४) येतात. मला फक्त ११२ हवं होतं, म्हणून नोंदीत पान बदललं. तर त्या लेखाच्या सगळ्याच तळटीपांत ११२ आलं! शिवाय आकड्याआधी 'पृ.' कसं आणायचं?
— एक संशोधक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नोंदीतला आकडा आधी पूर्ववत १०१–१३४ करा. लेख नियतकालिकात कुठून कुठपर्यंत छापला आहे, एवढंच तो रकाना सांगतो. तुमचं विधान ज्या पानावर उभं आहे, ते पान त्या एका तळटीपेचं असतं, म्हणून ते तिथेच द्यायचं. वर्डमध्ये हवाला घालताना लेख निवडला, की झोटेरोच्या पट्टीत त्याच्या नावाचा छोटा फुगा दिसतो. त्यावर क्लिक केलं, की पानासाठी चौकट उघडते. तिथे ११२ लिहा. शिकागो शैलीत मग लेखाची सगळी पानं न येता तेवढंच पान छापलं जातं. वाचकाला ताडून पाहता यावं म्हणून तळटीप असते. चौतीस पानांच्या लेखात त्याला शोधत बसवणं बरं नव्हे.

त्याच चौकटीत पानाऐवजी प्रकरण, खंड, ओळ, श्लोक असेही पर्याय आहेत. ज्ञानेश्वरीच्या ओवीसाठी श्लोकाचा पर्याय घ्या, कारण पानं आवृत्तीगणिक बदलतात. (ओवीक्रमांकही काही आवृत्त्यांत पुढेमागे होतात, कुठली प्रत वापरली ते नोंदीत असू द्या.) राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'सारख्या ग्रंथात मात्र लेखांक महत्त्वाचा. त्याच्यासाठी वेगळा पर्याय नाही, तेव्हा तो शेवटी जोडायच्या मजकुराच्या रकान्यात लिहा. पान तिथे लिहू नका. लिहिलंत तर ते पान आहे हे झोटेरोला कळत नाही आणि उद्या मार्गदर्शकांनी शैली बदलायला सांगितली, तर तेवढा भाग जुन्याच रूपात राहतो.

आता 'पृ.'. शिकागोच्या तळटीपेत पानाआधी कुठलंच अक्षर नसतं, नुसता आकडा असतो. विद्यापीठाचा 'पृ.'चा आग्रह असेल, तर शैलीच्या फाइलीत दोन बदल करावे लागतात : पानाआधी लेबल छापण्याची सूचना घालायची आणि त्या लेबलाचं लघुरूप, एकवचनी नि अनेकवचनी दोन्ही, 'पृ.' ठरवायचं. झोटेरोच्या सेटिंग्जमधल्या शैली-संपादकात हे जमतं. ज्या शैलीत 'इबिड' छापलं जातं, तिथे याच रीतीने 'तत्रैव' आणता येतं. मराठी प्रबंधाच्या तळटीपा मराठी दिसाव्यात यासाठी एवढी खटपट जरूर करावी. फक्त बदललेल्या शैलीला नवं नाव आणि नवा आयडी द्या, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये मूळ शैली तिच्यावर चढेल.

आणि तळटीप तयार झाल्यावर झोटेरोने छापलेल्या मजकुरात हाताने दुरुस्ती करू नका. झोटेरो पुढच्या वेळी हवाले ताजे करतो, तेव्हा ती पुसली जाते, किंवा ती राखलीत तर तो हवाला आपोआप बदलणं थांबतं. तुमचं एखादं वाक्य जोडायचं असेल, तर हवाल्यावर क्लिक केल्यावर दिसणाऱ्या करड्या पट्ट्याच्या बाहेर, पुढे किंवा मागे लिहा.