नव्या नाटकाला हवे वाचनाचे व्यासपीठ

नाटक कागदावर लिहिले जाते. परंतु कागदावर ते पूर्ण होत नाही. नटाच्या मुखातून आल्याशिवाय संवादाचे वजन कळत नाही आणि प्रेक्षकांपुढे गेल्याशिवाय प्रसंगाचा पाल्हाळ लक्षात येत नाही. म्हणूनच नवोदित नाटककाराला पारितोषिकाच्या आधी गरज असते ती संहितेची मोकळेपणाने पारख होईल अशा जागेची.

अमेरिकेतील वॉटरफर्ड येथील यूजीन ओनील नाट्यकेंद्राने १९६५ साली नाटककारांच्या वार्षिक परिषदेस आरंभ केला. तेथे निवडक संहितांची थोडे दिवस तालीम होते. नेपथ्याचा डामडौल नसतो. नट संहिता हाती धरूनच प्रयोग करतात आणि त्यातून उमगलेले दोष लेखक लगोलग दुरुस्त करतो. ऑगस्ट विल्सन यांच्या अनेक संहिता या परिषदेने प्रथम नाकारल्या होत्या. १९८२ साली तेथे स्वीकारले गेलेले त्यांचे 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' हे नाटक १९८४ मध्ये ब्रॉडवेवर आले.

महाराष्ट्राला अशा उपक्रमांची परंपरा नवी नाही. पहिले मराठी नाट्यसंमेलन १९०५ साली दादासाहेब खापर्डे यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत भरले. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी संस्थांना नव्या संहितेची निकड निर्माण करून दिली. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन'ने १९६७ साली याच स्पर्धेत सादर केले. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात नाटककार विकास योजना आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाचा कार्यक्रम राबविला. लेखक आणि संस्था यांची वाढ एकमेकांवर अवलंबून असते, हे त्यामागचे सूत्र होते.

सोलापुरात या कार्यास अनुकूल भूमी आहे. नवी पेठेच्या परिसरात हुतात्मा स्मृती मंदिरासारखे नाट्यगृह आहे. अतुल कुलकर्णी यांच्यासारखा अभिनेता येथील 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेतून पुढे आला. २०२४ साली शंभराव्या नाट्यसंमेलनाचा विभागीय सोहळाही या शहराने अनुभवला. नवी पेठेच्या बाजारात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानी पडते. यंत्रमागावरील विणकर आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया यांचे जीवन या शहराच्या अंगी मुरलेले आहे. हे जीवन रंगमंचावर यावयाचे, तर ते जवळून पाहिलेला लेखक येथेच घडला पाहिजे. पण नव्या संहितेचा भरवसा नसल्याने संस्था अन्यत्र गाजलेले नाटक निवडते आणि प्रयोग न झाल्याने स्थानिक लेखकाची संहिता कच्चीच राहते. हे दुष्टचक्र भेदावयास हवे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. स्पर्धेच्या काही महिने आधी, दरवर्षी ठरलेल्या दिवशी, शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सभागृहात तीन-चार नव्या संहितांचे वाचन ठेवता येईल. भूमिका स्थानिक नटांनी वाचाव्यात, लेखकाने मुकाट्याने ऐकावे, नंतर जाणकारांनी व सामान्य श्रोत्यांनी कोठे समजले नाही, कोठे कंटाळा आला हे स्पष्ट सांगावे. क्रमांक मात्र लावू नयेत. सुधारलेल्या खर्ड्याचे एका महिन्याने पुन्हा वाचन व्हावे. शिक्षकांनी लिहिते विद्यार्थी हेरावेत, ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील लेखकास पाठवावे आणि नगरातील संस्थांनी किमान एक संहिता रंगमंचावर नेण्याची हमी द्यावी.

ही हमी सर्वांत महत्त्वाची. प्रयोगाची शाश्वती असेल, तरच लेखक दुसरा खर्डा लिहील. आणि स्थानिक रंगभूमीचे भवितव्य त्या दुसऱ्या खर्ड्यावर अवलंबून आहे.