दाढेचा फोटो आणि पाचवा महिना

चि. मुग्धास,


दाढ ठणकतेय आणि पाचवा महिना म्हणून सासरी एक्स-रेला साफ नकार आहे, असं ताई फोनवर म्हणाली. सासूबाईंना हसू नकोस. त्यांच्या भीतीला इतिहास आहे.

रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. दोन-तीन महिन्यांतच जर्मनीतल्या वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला, आणि त्याला तब्बल २५ मिनिटं लागली! अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याची नाही. यंत्र जुळवताना तो रोज स्वतःचा हात किरणांसमोर धरायचा. कॅन्सर झाला, आधी बोटं गेली, मग हात. १९२८ मध्ये त्याने आयुष्य संपवलं.

पण केल्स डॉक्टर होता, पेशंट नव्हे. आजही फोटो काढताना डॉक्टर खोलीबाहेर जातात, की पेशंटच्या मनात पाल चुकचुकते. पेशंटचा फोटो कधीतरी निघतो, डॉक्टरांपुढे रोज पेशंटांची रांग असते, म्हणून ते बाहेर जातात.

आता दवाखान्यात आरव्हीजी, म्हणजे डिजिटल एक्स-रे, असतं. बोटभर सेन्सर दाढेमागे सरकवतात (थोडी मळमळ होते, नाकाने श्वास घ्यायचा), एक टिक आवाज, आणि दाढेचं मूळ पडद्यावर. एवढ्या फोटोतून मिळणारे किरण साधारण पाच मायक्रोसिव्हर्ट. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला एरवीही रोज सहा-सात मिळतातच. शिवाय रोख जबड्यावर असतो. पोटापर्यंत नगण्य पोचतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर २०२४ मध्ये शिशाचा एप्रन आणि गळपट्टा यांची गरज नाही, गरोदर बाईलाही नाही, असं सांगितलं. ओपीजीत, म्हणजे सगळ्या जबड्याच्या फोटोत, गळपट्टा मध्ये आला तर फोटोच बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो. तरी सासूबाईंच्या समाधानासाठी पोटावर एप्रन माग, कोणी नाही म्हणणार नाही.

मूळ सडून पू झाला तर तो बाळालाही बरा नाही. रूट कॅनल ठरलं तर तीन-चार फोटो निघतील; मुळाची लांबी अंदाजाने मोजत नाहीत.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, मात्र वेगळं प्रकरण. त्यात किरण कितीतरी पट जास्त. इम्प्लांट किंवा नसेला टेकलेली अक्कलदाढ असेल तर ते लागू शकतं. साध्या किडीसाठी कोणी सुचवलं, तर ‘यातून नवीन काय कळणार?’ एवढं विचारायला लाजू नकोस. दर सहा महिन्यांनी सगळ्या तोंडाचे फोटो काढणाऱ्यालाही हाच प्रश्न.

महिना कितवा ते डॉक्टरांना आधीच सांग. गेल्या वर्षीचा ओपीजी कपाटात असेल, तो सोबत ने. नवे फोटो निघाले की व्हॉट्सॲपवर मागून घे, आणि मलाही पाठव.

तुझी,
मावशी